मॅक्युलर डिजनरेशन: समोरचं दिसेनासं झाल्यावर डोळा बाजूने बघायला शिकतो, त्याबद्दल

माळावरची_वाट (धागाकर्ती)

माझ्या आईला दोन्ही डोळ्यांना एएमडी आहे, म्हणजे वयोमानाने होणारं मॅक्युलर डिजनरेशन. उजव्या डोळ्यात ओला प्रकार (नव्या रक्तवाहिन्यांतून पाणी-रक्त झिरपणारा) होऊन डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर, व्रण राहिलाय, डाव्यात कोरडा प्रकार हळूहळू पसरतोय. इंजेक्शनं कुठली, किती, खर्च काय, यावर इथे आधी भरपूर लिहून झालंय. मला लिहायचंय ते त्यानंतरच्या आयुष्याबद्दल. उरलेल्या पडद्याने माणूस बघतो कसा, हे घरच्यांना सहसा कुणी समजावून सांगत नाही. त्यापायी घरोघरी म्हाताऱ्या माणसांना नाहक बोलणी खावी लागतात.

आमच्याकडे येणारे हमखास म्हणतात, "काकू, माझ्याकडे बघा ना, तिकडे कुठे बघताय?" आई त्यांच्या कपाळाच्या वर, भिंतीकडे बघत असते. एका नातेवाइकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हल्ली लक्ष नसतं का गं तिचं? विसरायला लागली का?" आईचं लक्ष पूर्ण असतं. ती त्यांच्याकडेच बघत असते, फक्त मधल्या जागेने बघत नाही, कारण तिथे आता काही उरलेलं नाही.

थोडं मुळापासून सांगते. पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो, जेमतेम साडेपाच मिलिमीटरचा. त्याच्या मध्यावर दीड मिलिमीटरचा खळगा, त्याला फोव्हिया म्हणतात. बारीक तपशील दाखवणाऱ्या शंकूपेशींची सगळ्यात जास्त दाटी तिथे. हात लांब करून अंगठ्याचं नख बघा. साधारण तेवढाच भाग आपल्याला कोणत्याही क्षणी खरा स्वच्छ दिसत असतो. बाकीचं चित्र डोळा सारखा इकडेतिकडे फिरवून आपण जमवत असतो. मेंदूने तर या चिमुकल्या भागाला फारच मोठं घर दिलंय. दृष्टीच्या पहिल्या केंद्रातला जवळजवळ अर्धा भाग नजरेच्या मधल्या १० अंशांसाठीच राखलेला असतो.

एएमडीत नेमका हा मध्य जातो. कडेची नजर बहुतेक वेळा शाबूत राहते, म्हणून आई घरभर न अडखळता फिरते, दाराआडून कुणी आलं तर तिला आधी कळतं, पण समोर बसलेल्या माणसाचं नाक-डोळे कळत नाहीत. बघणाऱ्याला हे सोंग वाटतं. "टाचणी पडलेली दिसते आणि मी दिसत नाही?" असं एकीने तिला तोंडावर विचारलं. हो, असंच होतं. टाचणी चकाकते, आणि ती कडेच्या नजरेत येते.

अजून एक गोष्ट. लोकांना वाटतं की मध्ये काळा डाग दिसत असेल. पुष्कळांना तो दिसतच नाही. मेंदू भोवतालच्या रंगाने ती जागा भरून टाकतो. आईला भिंतीवरच्या कॅलेंडरवर २४ तारखेच्या जागी नुसता २ दिसतो. ४ च्या जागी पांढरा कागद असतो, अगदी कोरा. तिथे काही गायब आहे हे तिला कसं कळावं? गोळ्यांच्या पाकिटावर ५० च्या जागी ५ वाचला जाऊ शकतो, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांनी कायम ध्यानात ठेवा.

आता मुख्य मुद्दा. मध्य गेला की बहुतेकांचा डोळा आपणहून पडद्यावरची दुसरी, जिवंत जागा बघण्यासाठी वापरू लागतो. फ्लेचर आणि शुचार्ड या अमेरिकी संशोधकांनी १९९७ साली तेराशेहून जास्त डोळ्यांची तपासणी प्रसिद्ध केली. मधली नजर गेलेल्यांपैकी सुमारे ८४ टक्के डोळ्यांनी अशी ठरावीक जागा निवडलेली आढळली. लंडनमधल्या २००५ च्या एका अभ्यासात नव्याने आजार झालेल्यांमध्ये ती साधारण सहा महिन्यांत तयार झालेली दिसली. कुणी शिकवलेलं नसतं. बऱ्याचदा रुग्णाला स्वतःलाही पत्ता नसतो की आपण तिरकं बघतोय.

तुमच्या घरी हे कसं झालं, कुणी सराव करून घेतला का, कशाचा उपयोग झाला, ते लिहा. आईला पुन्हा वाचायचंय. तिने आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलंय.

---

दुपारचा_चहा

फार गरजेचा धागा. सासरेबुवांना आठवडाभरापासून दाराची चौकट वाकडी दिसतेय. एका डोळ्याला मोतीबिंदू आहे, त्यामुळेच असेल असं म्हणून ते टाळताहेत. हे यातलंच असू शकतं का?

---

भिंग_आणि_दिवा

मी ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारी) आहे, लो व्हिजन विभागात, म्हणजे उरलेली नजर वापरायला शिकवतात तिथे, काम करते. दुपारचा_चहा, आधी तुम्हाला. मोतीबिंदूने धूसर दिसतं, रेषा वाकड्या होत नाहीत. सरळ रेषा वाकडी दिसणं हे पडद्याखाली पाणी किंवा रक्त साचल्याचं लक्षण असू शकतं. वाट बघू नका, उद्या सकाळीच रेटिनाच्या डॉक्टरांकडे न्या. ओसीटी स्कॅनमध्ये (पडद्याच्या थरांच्या चित्रात) लगेच कळतं. ओल्या एएमडीत नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या वाढतात. त्या आवरण्यासाठी डोळ्यात इंजेक्शन देतात, सुरुवातीला बहुधा महिन्याला एक असं तीनदा. जितकं लवकर तितकी जास्त नजर वाचते. व्रण पडल्यावर इंजेक्शन ती जागा परत आणू शकत नाही.

घरी अॅम्स्लरचा तक्ता लावून ठेवा. १० सेंटिमीटरचा चौकोन, त्यात अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकटी, मध्ये ठिपका. वाचायचा चष्मा लावून, हातभर अंतरापेक्षा जरा जवळ धरून, एकेक डोळा झाकून रेषा सरळ दिसतात का ते बघायचं. दोन्ही डोळे उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईट डोळ्याचं लपवतो. आजार उशिरा सापडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

आता धाग्याचा विषय. डोळ्याने बघण्यासाठी निवडलेल्या त्या नव्या जागेला आम्ही क्लिनिकमध्ये पीआरएल (प्रिफर्ड रेटिनल लोकस) म्हणतो. आईंची नजर कपाळाच्या वर जाते असं तुम्ही लिहिलंत. याचा अर्थ त्यांनी आंधळा ठिपका (मधली न दिसणारी जागा) वर ढकललाय आणि समोरचा चेहरा ठिपक्याच्या खालच्या भागात आणलाय. ही जागा चांगली आहे. चालताना पायाखालचं दिसतं, आणि वाचताना ओळीवर आडवा अडथळा येत नाही. काही जण उजवीकडे बघतात, म्हणजे शब्द ठिपक्याच्या डावीकडे येतो. चेहरे बघायला ते चालतं, पण मराठी डावीकडून उजवीकडे वाचायचं असल्याने पुढचा शब्द सतत ठिपक्याखाली दडतो. अशा रुग्णांबरोबर आम्ही वर बघायचा सराव घेऊन बघतो.

घरी जागा शोधायची सोपी रीत: तुम्ही आईंसमोर दीड-दोन हातांवर, उजेड तुमच्या तोंडावर पडेल असं बसा. तुमचा चेहरा म्हणजे घड्याळाची तबकडी, नाक हा मध्य. आईंना एक डोळा झाकून आधी १२ वर बघायला सांगा, मग १, मग २, असं फिरत जा. प्रत्येक ठिकाणी विचारा, "माझं नाक दिसतंय का? तोंड उघडलंय की मिटलंय?" ज्या आकड्यावर नजर ठेवल्यावर चेहरा सगळ्यात स्वच्छ येतो, ती त्यांची जागा. दोन्ही डोळ्यांची वेगळी येऊ शकते. बहुधा बऱ्या डोळ्याची जागाच कामाला लागते.

मग रोज थोडा वेळ सराव. थकवा आला की थांबायचं. आधी मोठा एकच आकडा, मग दोन अक्षरी शब्द, मग ओळ. वाचताना नजर त्या जागेवर स्थिर ठेवायची आणि कागद डावीकडे सरकवायचा. आपण नेहमी उलटं करतो, कागद स्थिर आणि डोळे फिरते. फिरत्या डोळ्यांत मध्यावर बघायची जुनी सवय पुन्हा उसळते आणि शब्द हरवतो.

---

तिसरी_खिडकी

मी चौतिशीत आहे आणि मला स्टारगार्ट आहे. हा मॅक्युलाचा आनुवंशिक आजार, बहुतेकांना एबीसीए४ या जनुकातल्या दोषामुळे होतो. माझा विशीच्या आधीच सुरू झाला. म्हणजे तुमच्या आईंचा आणि माझा आजार वेगळा, पण बघण्याची तऱ्हा तीच. आतून कसं असतं ते सांगतो.

बाजूने बघणं म्हणजे फक्त धूसर बघणं नव्हे. मध्यापासून १० अंश लांब गेलं की बारकावा टिपण्याची ताकद साधारण पाचव्या हिश्श्यावर येते, हे खरं. पण अक्षर मोठं केलं की तेवढ्याची भरपाई होते. खरा त्रास असतो गर्दीचा. कडेच्या नजरेत शेजारशेजारची अक्षरं एकमेकांत मिसळतात. नुसता 'क' दाखवलात तर मला लांबूनही कळेल, पण 'चकमक' लिहिलंत तर मधली दोन अक्षरं विरघळतात. देवनागरीत माझा जीव अनुस्वार आणि जोडाक्षरांवर अडतो. 'मंद' आणि 'मद' मला संदर्भानेच लागतात. म्हणून आईंसाठी अक्षर नुसतं मोठं करून भागणार नाही, अक्षरांमधलं आणि ओळींमधलं अंतरही वाढवा. टॅबलेटवर दोन्ही करता येतं. काळ्यावर पांढरी अक्षरं करून बघा, मला त्याने चकाकी कमी होते.

आणि भिंग कितीही मोठं आणलं तरी उपयोग एका मर्यादेपर्यंतच. अक्षर जेवढं मोठं, तेवढी एका वेळी मावणारी अक्षरं कमी. पाच-सहा अक्षरं एकदम दिसतील एवढंच मोठं करायचं.

हळूहळू काय बदलतं सांगू? सुरुवातीला मी ठरवून वर बघायचो, मग वस्तू दिसायची. आता डोळा थेट त्या नव्या जागेवरच झेप घेतो आणि मला मी सरळच बघतोय असं वाटतं. माझं 'समोर' बदललंय. माझ्या बायकोने मला सांगितलं नाही तर मला कळतही नाही की माझी नजर तिच्या केसांवर आहे. नोकरीच्या मुलाखतीत मी पहिल्या वाक्यात सांगून टाकतो, "माझी नजर तुमच्या डोक्यावर दिसेल, पण मी तुमच्याकडेच बघतोय." त्यानंतर समोरचा माणूस मोकळा होतो. आईंनाही पाहुण्यांना हे सांगायला लावा, किंवा तुम्ही सांगा. त्यांच्या डोळ्यांनी एवढी मेहनत घेऊन जे कमावलंय ते 'सरळ बघा' म्हणत कुणी मोडू नये.

---

माळावरची_वाट

तिसरी_खिडकी, तुमचा प्रतिसाद आईला दोनदा वाचून दाखवला. 'माझं समोर बदललंय' यावर ती लगेच म्हणाली, "अगदी असंच." भिंग_आणि_दिवा, घड्याळाची रीत केली. तिचा आकडा ११ आणि १२ च्या मधला आला. गंमत म्हणजे संध्याकाळी दिवे कमी असताना तो १ कडे सरकला. असं होतं का?

---

भिंग_आणि_दिवा

होतं. काही जण उजेडानुसार आणि कामानुसार दोन-तीन जागा वापरतात. मंद उजेडातला ठिपका भर उजेडातल्या ठिपक्यापेक्षा मोठा असू शकतो, मग डोळा आणखी बाजूला सरकतो. मोठ्या केंद्रांत मायक्रोपेरिमेट्री नावाची तपासणी असते, तिच्यात पडद्याच्या चित्रावरच ही जागा आणि ती किती डळमळते ते दिसतं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, मदुराईचं अरविंद इथे लो व्हिजनचे स्वतंत्र विभाग आहेत, पण त्यासाठी तेवढं लांब जायची गरज नाही. पुण्या-मुंबईतही असे विभाग आहेत. नेहमीच्या डॉक्टरांना "लो व्हिजनला पाठवा" असं स्पष्ट म्हणा. आपण विचारल्याशिवाय बरेचदा पाठवत नाहीत, याचं मला वाईट वाटतं.

---

हिरवी_मिरची

आमच्याकडे त्राटक आणि डोळ्यांचे व्यायाम करून चष्मा गेलेले लोक आहेत. एका वैद्यांचं तुपाचं औषधही मिळतं. आईंना करून बघायला काय हरकत आहे? मनापासून सुचवतेय.

---

भिंग_आणि_दिवा

तुमचा हेतू चांगला आहे, म्हणून सविस्तर सांगते. मेलेल्या शंकूपेशी व्यायामाने परत येत नाहीत. आम्ही जो सराव घेतो तो पडदा सुधारण्यासाठी नसतो, उरलेला पडदा वापरायला शिकण्यासाठी असतो. त्राटकात तर मध्यावर नजर रोखायची असते, म्हणजे या रुग्णाला नको तेच. आणि बाहेरचं काहीही डोळ्यात घालू नका, संसर्ग झाला तर उरलेलंही जाईल.

सरावाच्या बाबतीतही पूर्ण खरं सांगायला हवं. काहींचा वाचनाचा वेग चांगला वाढतो, काहींचा फारसा नाही, आणि कोणती पद्धत सगळ्यात चांगली यावर अभ्यासकांत एकमत नाही. प्रिझमचा चष्मा लावून चित्र नव्या जागी ढकलायची कल्पना मध्यंतरी फार चालली होती. इंग्लंडमध्ये त्याची नीट चाचणी झाली, २००५ मध्ये निकाल आला, साध्या चष्म्यापेक्षा काही फायदा दिसला नाही. महागडे 'खास एएमडी चष्मे' कुणी विकत असेल तर हे लक्षात ठेवा.

गोळ्यांचं विचाराल तर एआरईडीएस२ या अभ्यासातलं मिश्रण, म्हणजे जीवनसत्त्व क आणि ई, जस्त, तांबं, ल्युटीन, झियाझँथिन, हे मध्यम टप्प्यातल्यांचा आजार पुढे जाण्याचा धोका कमी करतं. गेलेली नजर आणत नाही. डॉक्टरांना विचारून घ्या. जुन्या मिश्रणात बीटा कॅरोटीन असायचं, ते सिगारेट ओढणाऱ्यांना आणि पूर्वी ओढलेल्यांना फुप्फुसाच्या कॅन्सरच्या धोक्यामुळे नको. आणि सिगारेट बंद, हे सगळ्यात आधी.

---

पारावरची_पोरं

जरा वेगळं विचारतो, कुठे विचारावं कळत नव्हतं. आजीला एएमडी आहे. ती सांगते की संध्याकाळी अंगणात रंगीत टोप्या घातलेली लहान मुलं येऊन बसतात. बोलत नाहीत, नुसती असतात. तिला भीती वाटत नाही, पण घरातल्यांनी बाधा झाली म्हणून एका बाबाकडे न्यायचं ठरवलंय. बाकी ती व्यवस्थित आहे, हिशेब तोंडपाठ.

---

भिंग_आणि_दिवा

कृपा करून बाबाकडे नेऊ नका. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. स्वित्झर्लंडच्या या निसर्गअभ्यासकाने १७६० साली आपल्या आजोबांबद्दल लिहिलं होतं. नजर अधू झालेल्या त्या गृहस्थांना माणसं, पक्षी, इमारती दिसायच्या आणि त्यांची बुद्धी शाबूत होती. डोळ्यांकडून मेंदूच्या दृष्टिकेंद्राला पुरेसं काही पोचत नाही, तेव्हा ते केंद्र स्वतःच चित्रं तयार करतं. टोप्या घातलेली छोटी माणसं हे तर या भासांमधलं नेहमीचं चित्र आहे. आवाज नसणं, आणि आजींची बुद्धी शाबूत असणं, या खुणाही जुळतात.

आजींना सांगा की हे वेड नाही, बाधा नाही, डोळ्यांच्या आजारातलं आहे. नुसतं हे कळूनच पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो. भास सुरू झाला की दिवा लावायचा, डोळे भरभर उजवीकडे-डावीकडे फिरवायचे, जागेवरून उठायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांना जरूर सांगा. आवाजही ऐकू येऊ लागले, किंवा विसरभोळेपणा वाढला, तर मात्र मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

---

पारावरची_पोरं

आजीला आत्ताच वाचून दाखवलं. म्हणाली, "मी तरी सांगत होते, ती पोरं कुणाची नाहीत." बाबाचा बेत रद्द करायला वडिलांशी बोलतोय. मनापासून आभार.

---

शून्य_अंश

मेंदूविज्ञानात काम करतो म्हणून एक भर. फोव्हियासाठी राखलेला मेंदूचा तो मोठा भाग रिकामा पडल्यावर त्याचं काय होतं, यावर बराच वाद झालाय. २००५ मध्ये क्रिस बेकर, नॅन्सी कॅनविशर आणि सहकाऱ्यांनी मॅक्युलाचा आजार असलेले दोन रुग्ण तपासले. कडेच्या नजरेत चित्र दाखवलं तरी त्यांच्या मेंदूतला फोव्हियाचा तो भाग जागा होत होता. मेंदूने रिकामं घर भाड्याने दिलं, असा अर्थ लावला गेला. पुढे २०११ मध्ये बेझलर आणि सहकाऱ्यांनी जास्त रुग्ण तपासून म्हटलं की प्रौढांमध्ये असा मोठा फेरबदल दिसत नाही. तो भाग जागा होणं हे रुग्ण त्या चित्रावर काही काम करतोय का यावर अवलंबून असावं, असंही काही प्रयोगांतून पुढे आलं. मला स्वतःला हा दुसरा पक्ष जास्त पटतो. आईंच्या दृष्टीने त्यातलं कामाचं एवढंच: शिकण्याचा मोठा वाटा डोळा कुठे वळवायचा आणि लक्ष कुठे द्यायचं यात आहे, आणि ते उतारवयातही शिकता येतं. धडधाकट तरुणांच्या नजरेच्या मध्यावर संगणकाच्या पडद्यावर कृत्रिम ठिपका टाकून केलेल्या प्रयोगांत त्यांनीही काही तासांच्या सरावात नवी जागा पकडली होती.

---

दुपारचा_चहा

सासरेबुवांना नेलं. ओल्या प्रकाराची सुरुवात निघाली, पहिलं इंजेक्शन झालं. डॉक्टर म्हणाले वेळेत आलात. या धाग्यामुळे गेलो.

---

ओटा_आणि_चूल

माझ्या आत्यांसाठी घरात जे केलं ते लिहिते. पांढऱ्या कपात दूध ओतताना कळत नाही, म्हणून दुधाला गडद निळा कप, काळ्या चहाला पांढरा. स्टीलच्या ताटात पांढरा भात हरवतो, हिरव्या प्लेटमध्ये दिसतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळी पट्टी. गॅसच्या बटणावर 'बंद'च्या जागी रबराचा ठिपका चिकटवला. वाचायचा दिवा मान वळणारा घेतला. तो बऱ्या डोळ्याच्या बाजूने, कागदाच्या जवळ आणि डोळ्यांपासून आडोशाला असावा. वरच्या ट्यूबलाइटचा काही उपयोग होत नाही.

नोटांसाठी रिझर्व्ह बँकेचं 'मनी' हे अॅप फोनवर घातलंय, नोट समोर धरली की बोलून सांगतं. शिवाय १००, २०० आणि ५०० च्या नोटांच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेघा असतात. शंभरला चार, दोनशेला चार आणि मध्ये दोन ठिपके, पाचशेला पाच. आत्या भाजीवाल्याकडे आता बोटांनीच नोट ओळखतात.

---

माळावरची_वाट

नोटांचं माहीत नव्हतं, आजच आईच्या हातात देते. अजून एक विचारायचंय. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आईला मिळेल का? ती तयार होत नाहीये, पण मला माहिती हवी.

---

तिसरी_खिडकी

दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात लो व्हिजन ही वेगळी नोंद आहे. बऱ्या डोळ्याची चष्म्यासह नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर त्यात बसू शकतं. युडीआयडीच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर अर्ज करायचा, मग ठरवून दिलेल्या सरकारी रुग्णालयात तपासणी होते. टक्केवारी तिथे ठरते. जाताना जुने सगळे ओसीटी आणि कागद न्या. मी कार्ड घेतलंय, रेल्वेपासून परीक्षेत मिळणाऱ्या जादा वेळेपर्यंत त्याचा मला उपयोग झाला. आईंचं मन वळत नसेल तर घाई करू नका.

आईंना वाचायचंय म्हणालात ना? सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन ग्रंथालयात छापील वाचता न येणाऱ्यांसाठी पुस्तकं आहेत. फोनवर ऐकता येतात, अक्षर हवं तेवढं मोठं करूनही वाचता येतात. मी लांबलचक काही असेल तर ऐकतो आणि कविता मात्र डोळ्यांनी वाचतो, कारण तिथे ओळ छोटी असते. आईंना कवितेपासून सुरुवात करायला सांगा. एका पानावर चारच ओळी टाका, ठळक टाइप, मधलं अंतर दुप्पट. नजर ११ आणि १२ च्या मध्ये, कागद डावीकडे.